राजभवनातलं घड्याळ: भगतसिंह कोश्यारींच्या साडेतीन वर्षांचं प्रकरण

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी दारात पडलेल्या वर्तमानपत्रात बातमी होती, मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर एकमत. तेच वर्तमानपत्र हातात धरून लोकांनी टीव्ही लावला, तर मलबार हिलच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपदाची शपथ घेत होते आणि त्यांच्या शेजारी अजित पवार उभे होते. ना मंडप, ना पाहुणे, ना बँड. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमाराला शपथविधी उरकलासुद्धा. 'पहाटेचा शपथविधी' हा शब्दप्रयोग त्या दिवसापासून मराठीत कायमचा रुजला.

तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांचं नाव काढलं की बहुतेकांना त्यांची वक्तव्यं आठवतात. शिवाजी महाराजांबद्दलची, सावित्रीबाईंबद्दलची, मुंबईतल्या गुजराती-राजस्थानी पैशाबद्दलची. ती आठवणं साहजिक आहे, त्या शब्दांनी माणसं दुखावली होती. पण या साडेतीन वर्षांची कागदपत्रं तारखेवार लावून पाहिली की दुसरंच काही दिसतं. राज्यपालाच्या हातात खरी सत्ता असते ती वेळेची. कुणाला किती तास द्यायचे, कुठली फाइल कधी हातात घ्यायची, कुठला आदेश रातोरात काढायचा. संविधानाने त्यांना यातल्या बहुतेक ठिकाणी मुदत घालून दिलेली नाही. हे प्रकरण मी त्या घड्याळाच्या अंगाने मांडणार आहे.

भगतदा

कोश्यारींचा जन्म १७ जून १९४२ चा, कुमाऊँच्या डोंगरातला, आजच्या बागेश्वर जिल्ह्यातला. अल्मोड्याला इंग्रजी साहित्य शिकले, काही काळ शिकवलं, पिथौरागडहून 'पर्वत पीयूष' नावाचं साप्ताहिक चालवलं. संघाचे जुने कार्यकर्ते. आणीबाणीत तुरुंगात गेले. उत्तराखंडात त्यांना आजही 'भगतदा' म्हणतात, आणि त्या 'दा'मध्ये आपुलकी आहे. साधी राहणी, लग्न नाही, संसार नाही, आयुष्य संघटनेला दिलेलं. त्यांच्याविषयी लिहिताना हे आधी सांगायला हवं, कारण महाराष्ट्रात त्यांची जी प्रतिमा उरली तिच्यात यातलं काहीच नाही.

१९९७ मध्ये ते उत्तर प्रदेश विधान परिषदेत आले. उत्तराखंडचं नवं राज्य झालं तेव्हा मंत्री झाले आणि ऑक्टोबर २००१ च्या अखेरीस नित्यानंद स्वामींच्या जागी मुख्यमंत्री. जेमतेम चार महिने. २००२ च्या निवडणुकीत पक्ष हरला आणि ते विरोधी पक्षनेते झाले. २००७ मध्ये पक्ष जिंकला, पण खुर्ची भुवनचंद्र खंडुरींना मिळाली. मग राज्यसभा, मग २०१४ मध्ये नैनिताल-उधमसिंह नगरमधून लोकसभा. राज्यसभेच्या याचिका समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी माजी सैनिकांच्या 'समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन' मागणीच्या बाजूने अहवाल दिला होता. ते काम चांगलं होतं.

म्हणजे परिषद, विधानसभा, राज्यसभा, लोकसभा अशी चारही सभागृहं या माणसाने आतून पाहिली होती. बहुमत कसं मोजतात, मुदत मागून घेणं म्हणजे काय, सही लांबवली की समोरच्याचं काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढचं सगळं वाचताना हे विसरून चालत नाही.

५ सप्टेंबर २०१९ ला ७७ व्या वर्षी ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. ऑगस्ट २०२० पासून जवळपास वर्षभर गोव्याचा अतिरिक्त कार्यभारही त्यांच्याकडे होता.

४८ तास, २४ तास, तीन दिवस

२४ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीचा निकाल लागला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युतीला स्पष्ट बहुमत होतं, पण मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून ती मोडली. ९ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपायची होती, त्या दिवशी राज्यपालांनी सर्वांत मोठा पक्ष म्हणून भाजपला विचारलं. ११ तारखेपर्यंत वेळ होता. भाजपने १० ला नकार कळवला. त्याच संध्याकाळी शिवसेनेला विचारणा झाली: उद्या संध्याकाळी साडेसातपर्यंत सांगा.

११ तारखेची ती संध्याकाळ ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना आठवत असेल. आदित्य ठाकरे सहकाऱ्यांसह राजभवनात, तिकडे दिल्लीत काँग्रेसची बैठकच संपेना, आणि पाठिंब्याचं पत्र काही येईना. सेनेने तीन दिवस मागितले. राज्यपालांनी नाही म्हटलं. मग राष्ट्रवादीला १२ तारखेच्या रात्री साडेआठपर्यंतचा वेळ दिला. राष्ट्रवादीनेही दुपारी आणखी वेळ मागितला, आणि दिलेली मुदत उलटायच्या आतच राष्ट्रपती राजवटीची शिफारस दिल्लीला पोहोचली. पंतप्रधान ब्रिक्स परिषदेसाठी ब्राझीलला निघायच्या आधी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि संध्याकाळी राजवट लागू झाली.

राज्यपालांची बाजू इथे अगदीच लंगडी नाही. निकाल लागून तीन आठवडे होत आले होते आणि १४५ आमदारांच्या पाठिंब्याचं पत्र कुणीच आणलं नव्हतं. वेळ मागणारा पक्ष रिकाम्या हाताने आला होता. पण तीन दिवस दिले असते तर राज्याचं काय बिघडलं असतं, या प्रश्नाला मला आजवर पटण्यासारखं उत्तर सापडलेलं नाही. एस. आर. बोम्मई खटल्यात १९९४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की बहुमताचा निवाडा सभागृहात व्हायला हवा, राजभवनात नव्हे. इथे सभागृह भरायची पाळीच येऊ दिली नाही.

त्या राष्ट्रपती राजवटीत, १६ नोव्हेंबरला, राज्यपालांनी अवकाळी पावसाने पीक गेलेल्या शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, फळबागांना १८,०००, दोन हेक्टरपर्यंत. रक्कम अपुरी होती, शेतकरी संघटना तसं बोलल्याही. पण निर्णय चार दिवसांत झाला होता. मनात आलं की राजभवनातून कागद किती लवकर हलतो हे तेव्हा दिसलं.

आणि मग २३ नोव्हेंबर. राष्ट्रपती राजवट उठवायला एरवी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते. त्या रात्री कामकाज नियमावलीतला १२ वा नियम वापरून पंतप्रधानांच्या अधिकारात ती उठवली आणि मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेतली. राज्यपालांपुढे अजित पवारांनी ५४ आमदारांच्या सह्यांचं पत्र ठेवलं होतं. त्या सह्या आमदारांनी पक्षाच्या बैठकीत हजेरी म्हणून केल्या होत्या, असं शरद पवारांनी त्याच दुपारी सांगितलं. ज्या राजभवनाने बारा दिवसांपूर्वी सेनेला कागद नाही म्हणून परत पाठवलं, त्याच राजभवनाने हा कागद रात्रीतून ग्राह्य धरला. एका तरी आमदाराला फोन करून खातरजमा करायला किती वेळ लागला असता?

२६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणासह बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं. त्या दुपारीच अजित पवार आणि पाठोपाठ फडणवीस यांनी राजीनामे दिले. ८० तासांचं सरकार संपलं. २८ तारखेला शिवाजी पार्कवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या महाविकास आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरेंनी शपथ घेतली, ती कोश्यारींनीच दिली.

संथ लागलेला काटा

ठाकरे कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सहा महिन्यांत, म्हणजे मे २०२० च्या अखेरीपर्यंत, निवडून येणं भाग होतं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, निवडणुका पुढे गेल्या. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेच्या राज्यपाल-नियुक्त कोट्यातून त्यांची शिफारस केली, एकदा नव्हे दोनदा. राज्यपालांनी ना होकार दिला ना नकार. त्या जागांची मुदत जूनमध्येच संपणार होती, ही अडचण खरी होती. पण साथ ऐन भरात, रुग्णालयांत खाटा मिळत नाहीत, आणि मुख्यमंत्री राहणार की जाणार हेच राज्याला ठाऊक नाही. शेवटी ठाकरेंनी पंतप्रधानांशी बोलणं केलं, राज्यपालांनी निवडणूक आयोगाला निवडणूक घ्या म्हणून पत्र लिहिलं, आणि ठाकरे १४ मे रोजी बिनविरोध निवडून आले. एक साधी सही वा साधा नकार यासाठी मुंबईहून दिल्लीला फोन करावा लागला.

त्याहून मोठं भिजत घोंगडं बारा आमदारांचं. संविधानाच्या १७१ व्या अनुच्छेदात साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणत्यांना राज्यपालांनी परिषदेवर नेमावं अशी तरतूद आहे. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत अशा १२ जागा. त्या जून २०२० मध्ये रिकाम्या झाल्या. ६ नोव्हेंबर २०२० ला तीन मंत्री यादी घेऊन राजभवनात गेले. तिन्ही पक्षांची प्रत्येकी चार नावं: त्यांत अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर होत्या, लोकगायक आनंद शिंदे होते, राजू शेट्टी होते, एकनाथ खडसे होते. यादीत राजकीय सोयी होत्या हे उघड आहे. नावं निकषांत बसत नसतील तर तसं लिहून यादी परत पाठवायचा मार्ग राज्यपालांना मोकळा होता. त्यांनी काहीच केलं नाही.

१३ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की शिफारशीवर वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे, आणि आठ महिने हा वाजवी काळ होऊन गेला. पण ३६१ व्या अनुच्छेदाचं कवच असल्यामुळे राज्यपालांना न्यायालय आदेश देऊ शकत नव्हतं. त्यानंतरही यादी तशीच पडून राहिली. ठाकरे सरकार पडलं. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात नव्या सरकारने जुनी यादी मागे घेत असल्याचं पत्र दिलं, आणि ती मागणी राज्यपालांनी काही दिवसांतच मान्य केली. दोन वर्षं न सापडलेला वेळ तेव्हा लगेच सापडला.

विधानसभाध्यक्षपदाचंही तेच. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यावर ती खुर्ची रिकामी होती. आघाडीनेही आधी चालढकल केली, त्यांना स्वतःच्याच आमदारांची खात्री नव्हती, हे मान्य करायला हवं. डिसेंबरमध्ये गुप्त मतदानाचा नियम बदलून आवाजी मतदान आणलं आणि तारीख मागितली, तेव्हा राज्यपालांनी नियमबदलावर आक्षेप घेऊन ती दिली नाही. ३० जून २०२२ ला सरकार बदललं, आणि शपथविधीनंतर तिसऱ्या दिवशी अध्यक्षाची निवडणूक झाली. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले.

पत्र आणि विमान

ही दोन प्रकरणं गाजली खूप, वजन मात्र त्यामानाने कमी. ऑक्टोबर २०२० मध्ये मंदिरं बंद ठेवल्याबद्दल राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि तुम्ही अचानक 'सेक्युलर' झालात का, असं विचारलं. 'सेक्युलर' हा शब्द ज्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे, त्याच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या माणसाने तो टोमणा म्हणून वापरावा याचं मला आजही वाईट वाटतं. ठाकरेंनी माझ्या हिंदुत्वाला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही असं उत्तर दिलं, शरद पवारांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि अमित शहांनीसुद्धा शब्द टाळता आले असते अशा अर्थाचं मत दिलं.

११ फेब्रुवारी २०२१ ला मसुरीच्या प्रशासकीय अकादमीतल्या कार्यक्रमासाठी राज्यपाल सरकारी विमानात जाऊन बसले. उड्डाणाला परवानगीच नाही असं कळलं. ७८ वर्षांचा माणूस विमानातून उतरला आणि प्रवासी विमानाने डेहराडूनला गेला. परवानगीचा कागद कुणामुळे अडला यावर दोन्हीकडून खुलासे झाले. कसंही असलं तरी ते राज्याला शोभलं नाही. आघाडी सरकारनेही इथे मोठेपणा दाखवायला हवा होता.

२८ जून २०२२

विधान परिषदेच्या निवडणुकीच्या रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी १६ जणांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली. २८ च्या रात्री फडणवीस राज्यपालांना भेटले, आणि राज्यपालांचं पत्र निघालं: ३० जूनला सकाळी ११ वाजता अधिवेशन, संध्याकाळी पाचच्या आत बहुमत चाचणी.

अपात्रतेच्या उत्तराला १२ जुलै, आणि बहुमताला दोन दिवससुद्धा नाहीत. २९ च्या रात्री नऊच्या सुमाराला न्यायालयाने चाचणी थांबवायला नकार दिला आणि काही मिनिटांतच ठाकरेंनी फेसबुकवरून राजीनामा जाहीर केला.

११ मे २०२३ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला. राज्यपालांपुढे सरकारने बहुमत गमावल्याचं ठोस कारण नव्हतं. आमदारांच्या पत्रांत नाराजी होती, सुरक्षेची काळजी होती, पण सरकारचा पाठिंबा काढल्याचं कुठेही म्हटलेलं नव्हतं. पक्षांतर्गत भांडण मिटवायला बहुमत चाचणी हे साधन नाही. म्हणून राज्यपालांचा तो निर्णय कायद्याला धरून नव्हता. मात्र ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येत नाही, आणि राजीनाम्यानंतर शिंदेंना बोलावणंही योग्यच ठरतं.

हा निकाल मी अनेकदा वाचला. आदेश चुकीचा, पण त्याचा परिणाम कायम. ठाकरे चाचणीला उभे राहिले असते तर? हरले असते बहुधा. पण मग न्यायालयाला मागे फिरवण्यासारखं काहीतरी हाती राहिलं असतं. त्या रात्रीची त्यांची घाईसुद्धा या प्रकरणाचाच भाग आहे. आणि निकाल लागला तेव्हा कोश्यारींना पद सोडून तीन महिने होत आले होते.

शब्द

१६ ऑगस्ट २०२० ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, हा माणूस पायी शिवनेरी चढला होता. पावसाळ्यात, ओल्या पायऱ्यांवरून. शिवजन्मस्थळी माथा टेकवला. ती भक्ती दिखाऊ होती असं मी म्हणणार नाही. तोच माणूस फेब्रुवारी २०२२ मध्ये औरंगाबादेत म्हणाला की समर्थांशिवाय शिवाजीला कोण विचारेल. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या बालविवाहाबद्दल बोलताना त्यांचा सूर असा काही होता की ऐकवत नव्हतं. जुलैमध्ये अंधेरीत ते म्हणाले, गुजराती आणि राजस्थानी काढून टाकले तर मुंबई-ठाण्यात पैसाच उरणार नाही. ज्या शहरासाठी १०६ जणांनी प्राण दिले त्या शहरात हे बोलले. दोन-तीन दिवसांनी माफी आली. १९ नोव्हेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, शरद पवार आणि नितीन गडकरी मंचावर असताना, त्यांनी शिवाजी महाराजांना जुन्या काळातले आदर्श म्हटलं.

मग पुणे बंद झालं, उदयनराजे चिडले, १७ डिसेंबरला मुंबईत महामोर्चा निघाला. २३ जानेवारी २०२३ ला राजभवनातून निवेदन आलं, उरलेलं आयुष्य वाचन-लेखनात घालवायची इच्छा पंतप्रधानांना कळवली आहे. १२ फेब्रुवारीला राजीनामा मंजूर झाला आणि रमेश बैस आले.

शब्दांवर महाराष्ट्र रस्त्यावर उतरला, ते योग्यच होतं. पण दोन वर्षं रिकाम्या असलेल्या बारा खुर्च्यांसाठी एकही शहर बंद झालं नाही. अडकलेली सही डोळ्यांना दिसत नाही, तिचा व्हिडिओ फिरत नाही. म्हणूनच ती वापरायला सोपी.

आणि हे एका पक्षाचं म्हणून सोडून देता येत नाही. २००५ मध्ये बिहारमध्ये बुटासिंग यांनी असंच केलं होतं. नितीशकुमारांकडे आमदार जमू लागताच विधानसभा बरखास्तीची शिफारस केली, राष्ट्रपती कलामांनी मॉस्कोतून सही केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते सगळं घटनाबाह्य ठरवलं. तेव्हा दिल्लीत सरकार काँग्रेसचं होतं आणि अन्यायाची तक्रार भाजपची होती.

एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी राज्यपालांना विधेयकांसाठी महिन्यांची मुदत घालून दिली, तेव्हा वाटलं की घड्याळाला अखेर काटे बसले. २० नोव्हेंबर २०२५ ला राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर मत देताना पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की संविधानात नसलेली मुदत न्यायालयाला घालता येत नाही. दीर्घकाळ, कारण न देता निर्णय टाळला तर 'निर्णय घ्या' एवढंच न्यायालय सांगू शकेल.

महाराष्ट्रातल्या बारा जागा कोश्यारी गेल्यावरही बराच काळ न्यायालयीन वादात अडकून होत्या. १५ ऑक्टोबर २०२४ ला त्यांतल्या सात भरल्या. भाजपचे तीन, शिंदेंच्या शिवसेनेचे दोन, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे दोन. शपथविधी दुपारपर्यंत आटोपला, आणि त्याच दुपारी निवडणूक आयोगाने दिल्लीत विधानसभा निवडणुकीच्या तारखा जाहीर केल्या.